‘व्हॉइड’चा अर्थ सांगणाऱ्या सरांना

गुरुवर्य सर,
शि. सा. न. वि. वि.

वडिलांच्या सोनोग्राफीचा अहवाल हाती आला, त्या रात्री साडेनऊ वाजता मी आपल्याला फोन केला होता. अहवालात ‘पोस्ट-व्हॉइड रेसिड्यू १८ सीसी’ अशी ओळ होती आणि ‘व्हॉइड’ म्हणजे पोकळी एवढेच शाळेपासून ठाऊक असल्याने, मूत्राशयात कसली तरी पोकळी सापडली आहे असे मी आईला सांगून मोकळा झालो होतो. आपण धीर वगैरे देत बसला नाहीत. फक्त वरची ओळ वाचायला सांगितलीत. तिथे ‘प्री-व्हॉइड’ होते. “पोकळी आधीची आणि नंतरची कशी असेल? इथे व्हॉइड ही क्रिया आहे. लघवीपूर्वी किती आणि लघवीनंतर किती उरली, एवढेच,” असे आपण म्हणालात आणि आमच्या घरात त्या रात्री दिवे वेळेवर मालवले गेले. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी आपण या शब्दाचे सारे गोत्रच उलगडून दाखवलेत. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘वाकारे’च्या, म्हणजे रिकामे असण्याच्या, कुळात आहे, व्हेकंट, व्हॅक्यूम, इव्हॅक्युएट ही सगळी त्याच घरची मंडळी, आणि आम्हां विद्यार्थ्यांना प्रिय असलेले व्हेकेशनही तिथलेच. मला खरे नवल वाटले ते ‘अव्हॉइड’चे. आज आपण तो ‘टाळणे’ या अर्थाने वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ रिकामे करणे असा होता. जागा रिकामी करणे, तिथून निघून जाणे, मग तिकडे न फिरकणे, असा तो सरकत गेला. ‘एम्प्टी’ मात्र या घराण्यातला नव्हे. तो जुन्या इंग्रजीतला, त्याच्या मुळाशी सवड, फुरसत हा अर्थ आणि त्यातला ‘प’ तर मागाहून घुसलेला.

करारनाम्यातल्या ‘नल अँड व्हॉइड’चाही उल्लेख निघाला होता. १८७२ च्या करार कायद्यानुसार, कायद्याने अंमलात आणता न येणारा ठराव तो व्हॉइड. त्यावर आपल्या कचेऱ्यांतला ‘रद्दबातल’ हा जोडशब्द मला आजही अधिक ठसकेबाज वाटतो. त्याचेही दोन्ही तुकडे अरबीतून आलेले आणि दोन्ही जवळपास एकाच अर्थाचे.

मी शून्य, पोकळी, निर्वात असे भारदस्त प्रतिशब्द शोधत होतो आणि आपण स्वयंपाकघरातला ‘रिकामा’ पुढे केलात. डबा रिकामा, माणूस रिकामा, पोटही रिकामे. लॅटिन आणि जुन्या इंग्रजीतली रितेपणा व फुरसतीची सांगड या एका शब्दात आयती होती. वडिलांच्या फाइलमधल्या त्या ओळीपुढे आता पेन्सिलीने ‘मूत्राशय रिकामे केल्यावर’ असे लिहिले आहे.

आईचा निरोप आहे की, येत्या रविवारी आपण रिकामे असाल तर जेवायलाच यावे.

आपला विद्यार्थी