केळी आत घ्या, दव पडेल

प्रिय चिऊ,

परवा 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे दफनभूमीत गेलो होतो. काकांनी आजीच्या क्रुसाला सकाळीच पांढरा रंग दिला होता. आईने झेंडूची माळ घातली, मी मेणबत्त्या लावत बसलो. वारा फार होता, एक लावली की दुसरी विझायची. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत आमच्यापर्यंत आले आणि नेमका तेव्हाच तुझा व्हिडिओ कॉल आला. मी फोन आजीच्या कबरीकडे धरला. तू बराच वेळ काही बोलली नाहीस, आणि मग विचारलंस, ''बाबा, आजीला आपल्यापेक्षा स्वर्गच जास्त आवडायचा का? शेवटचं वर्षभर ती सारखी म्हणायची, आता मला घरी जायचंय. मग हे घर कोणाचं होतं?''

एवढ्या गर्दीत उभ्या उभ्या उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता. 'नंतर बोलू' म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री मात्र झोप आली नाही, कारण हाच प्रश्न एकदा मी तिला स्वतः विचारला होता, आणि तोही रागाने.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. ती ओटीवर बसून वाल सोलत होती. सोलता सोलता सहज म्हणाली, ''देवाने माझं नाव पुकारायला फार उशीर लावला बघ.'' मला ते लागलं. मी म्हटलं, ''आई, तुझं करण्यात आम्ही कुठे कमी पडतो का?'' तिने वर पाहिलं आणि विचारलं, ''लहानपणी शाळा सुटली की तू घरी धावत यायचास. तेव्हा शाळेवर राग होता का तुझा?'' मी नाही म्हटलं. ''मग?'' एवढंच बोलली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

तेव्हा मला ते पुरतं कळलं नाही. आता थोडं कळतंय, तेच लिहितो.

आजी स्वर्गाबद्दल बोलायची तेव्हा सोन्याचे रस्ते, मोत्यांच्या वेशी असलं काही तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती 'त्याच्या'बद्दल बोलायची. 'त्याला बघीन', 'त्याला सांगीन', 'त्याला विचारीन'. तिला एका जागेची नाही, एका माणसाची ओढ होती. आणि तो माणूस तिला अनोळखी नव्हता. उभा जन्म ती त्याच्याशी बोलत आली होती.

तू पाहिलं नाहीस, पण तरुणपणी ती पहाटेच्या पहिल्या गाडीने मोगरा आणि सायली घेऊन दादरला जायची. मला सुट्टी असली की बरोबर न्यायची. लगेजच्या डब्यात टोपल्यांच्या मधे उकिडवं बसायचं, बाहेर मिट्ट काळोख, डब्यात ओल्या फुलांचा आणि मासळीचा एकत्र वास. ती एका हाताने टोपली धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्याने मोजायची. रोजरीची माळ घरी खुंटीला असायची, कारण गर्दीत ती तुटेल ही भीती. पेरं मोजत दहा 'नमो मरिया' प्रार्थना झाल्या की मधेच हलक्या आवाजात म्हणायची, ''येशू, आज भाव मिळू दे रे, पोराची फी भरायची आहे.'' पुन्हा पेरं मोजणं सुरू. मला वाटायचं, ही कोणाशी बोलते? डब्यातल्या इतर बायका तर आपसांत बोलतायत.

वाडीतही तेच. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, पायऱ्या उतरताना एक वाक्य, कळशी भरून वर येताना एक. त्यात मोठी प्रार्थना म्हणावी असं काही नसायचं. 'आज पाय दुखतोय' हेही ती त्याला सांगायची. (आपलं बावखल अजून आहे. आजूबाजूची बहुतेक बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आपलं मी बुजवू देणार नाही.) ते बावखल बघताना मला नेहमी वाटतं, वरून त्यात पाणी कोणी ओतत नाही, ते खालून झिरपत येतं, आणि उपसा चालू असला की झरा मोकळा राहतो. आजीचं देवाशी असलेलं नातं तसं होतं. रोज थोडं उपसायची, म्हणून ते कधी आटलं नाही.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात हनोख नावाचा माणूस आहे. त्याच्याबद्दल फार थोडं लिहिलंय. मथुशलह हा मुलगा जन्मल्यावर तो तीनशे वर्षं देवाबरोबर चालला, त्याला मुलगे झाले, मुली झाल्या, आणि मग तो दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेलं. पूर्वी मी ते वाक्य वाचून पुढे जायचो. आता त्यातल्या मुलामुलींपाशी थांबतो. हा माणूस डोंगरात जाऊन बसला नव्हता. घरात पोरं रडत असतील, कोणी आजारी पडत असेल, धान्य संपत असेल, आणि त्या सगळ्यातून तो देवाबरोबर चालत होता. एक दिवस चालता चालता देवाचं घर जवळ आलं, इतकंच.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आपल्यावरची माया कमी झाल्यावर स्वर्गाची ओढ लागते का?

संत मोनिकाची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण तिचे शेवटचे दिवस कदाचित नीट आठवत नसतील. मुलगा ऑगस्टीन वाट चुकला म्हणून तिने किती वर्षं अश्रू गाळले! तिला फसवून तो रात्री जहाजाने रोमला निघून गेला, तरी ती समुद्र ओलांडून त्याच्या मागे गेली. शेवटी 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला. मग आफ्रिकेत आपल्या गावी परतायला ही मंडळी निघाली आणि जहाजाची वाट बघत रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबली. तिथे एके दिवशी मायलेक खिडकीशी टेकून उभे होते. खाली घराची बाग होती. दोघं स्वर्गातल्या जीवनाबद्दल बोलत राहिले, इतके की बोलता बोलता शब्द मागे पडले आणि क्षणभर दोघांनाही त्या जीवनाचा स्पर्श झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर ती म्हणाली की या जगातलं आता तिला काही नको, मुलाला ख्रिस्ती झालेलं पाहायचं होतं ते पाहिलं. पाचेक दिवसांत तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. तिला 56 वं वर्ष चालू होतं, त्याला 33 वं.

तिच्या दुसऱ्या मुलाला वाटत होतं की आईने परक्या मुलखात नाही, आपल्या गावी देह ठेवावा. ती म्हणाली, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. फक्त तुम्ही जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

बघ, चिऊ. स्वर्गाची ओढ लागलेली ही बाई मुलांना म्हणते, माझी आठवण करा. माया तुटली असती तर हे मागितलं असतं का? कबर कुठेही असली तरी वेदी एकच आहे, हे तिला ठाऊक होतं. परवा तू डब्लिनमध्ये नाइट ड्यूटीच्या आधी घाईघाईने चर्चमध्ये जाऊन आलीस म्हणालीस. तेव्हा तू आणि मी आजीच्या बाबतीत सारख्याच अंतरावर होतो. मी कबरीपाशी उभा होतो म्हणून जास्त जवळ नव्हतो.

आणि ऑगस्टीनचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण अंत्यविधीला येता आलं नाही म्हणून तू अजून स्वतःला दोष देतेस आणि रडलीस की 'माझा विश्वास कमी आहे' म्हणतेस. त्याने आईचे डोळे मिटले आणि अश्रू दाबून धरले. आई देवाकडे गेली, मग रडायचं कशाला, असं त्याने मनाला बजावलं. दुःख हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून तो अंघोळही करून आला. काही उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर अंथरुणात एकटा असताना तो अखेर रडला, आणि ते त्याने लाज न बाळगता लिहून ठेवलं. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे माहीत असूनही त्याच्या कबरीकडे जाताना प्रभू येशू रडला. तेव्हा तू खुशाल रड.

एक गोष्ट मात्र वेगळी करून सांगायची आहे. मागच्या महिन्यात सलग रात्रपाळ्या झाल्यावर तू म्हणालीस, ''बाबा, मलाही कधी कधी आजीसारखं वाटतं, आता बस झालं.'' ते मी तेव्हापासून मनात धरून आहे. बाळा, ते आजीसारखं नाही. तो थकवा आहे. एलिया संदेष्टासुद्धा रानात झुडपाखाली बसून म्हणाला होता, पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. देवाने त्याला रागे भरलं नाही आणि त्याचा जीवही घेतला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पाठवलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. थकलेल्या माणसाला देव आधी जेवायला घालतो. असं पुन्हा वाटलं तर जेव, झोप, आणि मला फोन कर, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. तिथेही कोणाला तरी सांग, डॉक्टरला सांग. आजीला जावंसं वाटायचं तेव्हा तिला जगणं जड झालेलं नसायचं. तिचा चेहरा तू पाहिला आहेस.

तिची ओढ माझ्यात नाही, हेही तुला सांगतो. रोजरी म्हणताना माझं मन मोटारीच्या दुरुस्तीत आणि केळीच्या भावात जातं. कित्येक दिवस प्रार्थना कोरडी जाते. पण तिच्या मागे मी पेरं मोजायला लागलोय. वाडीत पाणी सोडताना एक वाक्य बोलतो. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, आता तेवढं होत नाही. तूही करून बघ. ड्यूटीमुळे चर्चमधली रविवारची मिस्सा चुकते म्हणून तू ओशाळतेस. जमेल तेव्हा जा, जरूर जा. पण ज्या म्हाताऱ्या पेशंटचं कोणी आलं नाही आणि तू त्यांचा हात धरून बसलीस, त्या खोलीत प्रभू नव्हता असं समजू नकोस.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहानाला जे नवं नगर दिसलं ते वरून खाली येतं. माणसं पृथ्वी टाकून वर पळत नाहीत, देव माणसांत राहायला येतो आणि डोळ्यांतलं पाणी स्वतः पुसतो. तिथे मंदिरही नाही, कारण तो स्वतःच तिथे आहे. श्रद्धांगीकाराच्या प्रार्थनेत आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणतो तोही यासाठीच. आजीचे ते भेगाळलेले हात देवाला नकोसे झालेले नाहीत. म्हणून मला वाटतं, तिला इथलं काही टाकून द्यायचं नव्हतं. ज्याने हे सगळं दिलं त्याच्यापाशी तिला पोचायचं होतं.

तिचा शेवटचा दिवस मी तुला फोनवर धड सांगितला नव्हता. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरचा आठवडा होता. दुपारी फादर आले. त्यांनी आजाऱ्यांना पवित्र तेल लावतात तो अभ्यंग केला, ख्रिस्तप्रसादाची भाकर दिली. जाताना ते म्हणाले, या वेळच्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात, वाटेची शिदोरी. आजीने ते ऐकलं. दादरला जाताना ती तांदळाची भाकरी फडक्यात बांधून न्यायची ना, त्या आठवणीने असेल, हसली आणि म्हणाली, ''मग निघायला हरकत नाही.'' नंतर तुझी चौकशी केली, जेवतेस का विचारलं.

अंगणात राजेळी केळी सोलून सुकत घातलेली होती. ती तिनेच चार दिवसांपूर्वी खाटेवर बसून सोलून घेतली होती. ऊन उतरायला लागलं तशी म्हणाली, ''अरे, केळी आत घ्या, दव पडेल.'' मी सूप उचलून तिच्यापाशी आणलं. तिने एक केळं हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि म्हणाली, ''अजून दोन उन्हं लागतील.''

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. घरात माणसं जमली, शवपेटी आली, बायकांनी रोजरी सुरू केली. नऊ-दहाच्या सुमाराला मी बाहेर आलो तर शेजारच्या काकू कोणालाही न विचारता अंगणात केळी पसरत होत्या.

त्या सुकेळ्यांची दोन पुडकी मी फ्रीजमध्ये जपून ठेवली होती, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेली. तुझी मैत्रीण पुढच्या आठवड्यात परत जातेय, तिच्याबरोबर पाठवतो. रंग काळपट झालाय, पण मी काल एक खाऊन पाहिलं. गोड आहे.

तुझा
बाबा