इंद्रजाल ही वनस्पती नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या वास्तू पुरवणीतला ‘इंद्रजाल’वरचा लेख वाचला. ‘खोल समुद्रात उगवणारी दुर्मीळ वनस्पती’ असे त्यात दोनदा छापले आहे. तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, म्हणून राहवत नाही. ती वनस्पती नाही. काळ्या प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा तो वाळलेला सांगाडा आहे, असंख्य बारीक प्राण्यांनी मिळून उभारलेला.

गेल्या वर्षी पुतणीच्या वास्तुशांतीला गेलो, तर दारावर काचेच्या चौकटीत हेच काळे जाळे. म्हटले, “अगं, हे प्रवाळ आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे.” ती म्हणाली, “काका, दुकानदार म्हणाला झाडाचं मूळ आहे.” पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची अजून बोच आहे. पोरीचा काय दोष? विकणारा झाड म्हणतो आणि आता वर्तमानपत्रही तेच म्हणते.

काळे प्रवाळ हे समुद्रफुलांचे, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या फुलासारख्या प्राण्यांचे, नातलग. त्याच्या प्रत्येक जिवाच्या तोंडाभोवती सहा संस्पर्शक, म्हणजे भक्ष्य पकडणारे सोंडेसारखे बारीक अवयव, असतात. समुद्रपंखा दुसऱ्या शाखेतला, त्याचे आठ आणि पिसासारखे. अंगठीतले लाल पोवळेही त्याच आठांच्या कुळातले. हे प्राणी किती सावकाश वाढतात याची लेखकाला कल्पना नसावी. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचे वय ४,२०० वर्षांहून अधिक निघाले आहे. एवढे आयुष्य तोडून आपण दाराला टांगायचे?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. वाघाचे कातडे कुठे मिळेल हे आपण छापले असते का? मग लेखाखाली ‘इंद्रजाल कुठे मिळेल’ ही चौकट कशी आली? दुरुस्ती छापावी, तीही त्याच पुरवणीत, त्याच जागी. आतल्या पानावर दोन ओळींत नको.

आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा देणे आपण बंद केले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मी मुलांना खडकांवर समुद्रफुले दाखवायला नेत असे, तेव्हा आपल्याच अंकातला तो रकाना कापून वहीत चिकटवलेला असायचा. मासेमारी करणारे शेजारीही तो बघत. तेवढा रकाना पुन्हा सुरू करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मालवण