सूचना : वेगाच्या ई-चलानविषयी रविवारची बैठक

सर्व चालक-मालक सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या धंतोलीतील कार्यालयात बैठक आहे. ज्यांना वेगमर्यादेचं चलान आलं आहे त्यांनी यायचंच. आपले वकील सभासद प्रत्येकाचं चलान पाहून देतील.

माझंच सांगतो. मागच्या महिन्यात मला चलान आलं. फोटो मोठा करून पाहिला तर गाडी पांढरी, माझी राखाडी. नंबरातला ३ यंत्रानं ८ वाचला होता. म्हणून पैसे भरण्याआधी फोटो, नंबर, वेळ, ठिकाण आणि नोंदवलेला वेग नीट पाहा. एकदा दंड भरला की प्रकरण तिथंच मिटतं, मग हरकत कशावर घेणार?

– चूक दिसली तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा, गाडीचे फोटो जोडा.
– येताना आरसी, लायसन्स आणि चलानची प्रिंट आणा.
– चलानचा मेसेज जुन्या मोबाईल नंबरवर जातो. आरटीओच्या नोंदीतला नंबर आजच तपासा.

चूक खरंच आपली असेल तर दंड भरा, भाऊ. कलम १८३ खाली कारला १ ते २ हजार रुपये दंड आहे, पण दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. कलम १९ खाली ते निलंबित करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे नोटीस आली तर तारीख चुकवू नका. समृद्धीवर रोज जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.

– सचिव