उंदीर लागलेला मोबाईल

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "रात्री दोन वाजता ऑनलाइन दिसतोस, काय करून राह्यला बे?" सांगायला लागलो तर तुझी मीटिंग निघाली. म्हणून आता कागदावरच सांगतो, मध्येच कापता येणार नाही.

या आठवड्यात थ्री-फेज लाईन रात्रीची आहे. हरभऱ्याला पाणी सुरू आहे. मोटर बंद तर पडली नाही ना, या धाकानं डोळा लागत नाही. मग पडल्या पडल्या नेटवर काहीबाही खटपटी शोधत असतो. दहातल्या नऊ निव्वळ भंगार निघतात, पण दहावीनं जागरण वसूल होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या दुकानात शेजारच्या गावचे एक काका आले. मोबाईल ट्रॅक्टरवरून पडलेला, काच तडकलेली. चित्र दिसत होतं, पण बोट चालेना. पॅटर्नचं कुलूप उघडेना आणि विम्याचे सगळे कागद आत. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून काकांचा चेहरा उतरलेला. मी नुकतंच वाचलं होतं, म्हणून गल्ल्यातून ओटीजीची पिन, म्हणजे मोबाईलला माउस-पेनड्राइव्ह जोडायचा तो छोटा तुकडा, काढली, मोबाईलला लावली आणि तिला कॉम्प्युटरचा माउस जोडला. पडद्यावर बाण उगवला! माउसनंच पॅटर्न ओढला, फोटो-कागद सारं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. काका म्हणाले, "अबे, याले तं उंदीर लागला!" तेव्हापासून आठवड्याला एखादा तरी तडकलेला मोबाईल माझ्याकडे येतो.

याचाच थोरला भाऊ म्हणजे एक फुकट सॉफ्टवेअर. नाव एस-सी-आर-सी-पी-वाय, म्हणायचं 'स्क्रीन कॉपी'. केबल लावली की अँड्रॉइड मोबाईल अख्खा कॉम्प्युटरवर दिसतो, कीबोर्डनं टाईप करता येतं, मोबाईलमध्ये काही टाकावंही लागत नाही. पण 'यूएसबी डीबगिंग', म्हणजे केबलवरून कॉम्प्युटरला मोबाईल हाताळू देणारी सेटिंग, आधीच चालू करून कॉम्प्युटरला परवानगी दिलेली पाहिजे. पडदा काळा झाल्यावर हे सुचणं म्हणजे डोमकळ्या, बोंडअळीनं न उमलू दिलेली कपाशीची फुलं, दिसल्यावर सापळे लावणं.

डोमकळीवरून आठवलं. फोल्डस्कोप मागवला मी! स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यानं बनवलेला कागदाचा सूक्ष्मदर्शक. घडी घालून उभा करायचा, मध्ये मण्याएवढी काच, दिवा-वीज काही नको, उजेडाकडे धरून पाहायचं. वस्तू 140 पट मोठी दिसते. आणला होता बोंडअळीसाठी. सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं हे आपल्याला ठाऊक आहे, पण मला अळीचं अंडं बघायचं होतं. ते काही नीट दिसलं नाही.  साध्या भिंगाचं काम आहे ते.

पण कपाशीच्या फुलातले परागकण पाहिले आणि बसूनच राहिलो. गोल, आणि अंगभर काटे! धोत्र्याचं बोंडच जणू. मग सहज कापसाचा एक तंतू ठेवला. मला वाटायचं, तो केसासारखा गोल असेल. तसा नाही रे. चपटी फीत, आणि तिला जागोजाग पीळ पडलेला. त्या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत निघतं. तीस वर्षं कापूस वेचतो, क्विंटलनं विकतो, आणि तंतू कसा दिसतो हे या दिवाळीत कळलं. आईला दाखवलं. एक डोळा मिटून ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "याच्यानं भाव वाढते का?"

बाकी झटपट सांगतो. 'एव्हरीथिंग' नावाचा प्रोग्राम दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकला. फाइलच्या नावातली दोन अक्षरं टाकली की सातबारा हजर. 'किविक्स'वर मराठी विकिपीडिया उतरवून पुतणीच्या मोबाईलमध्ये भरला. टॉवर गेला तरी ती वाचत बसते. 'दामिनी' अॅप तुला ठाऊकच असेल, पुण्याच्या हवामान संस्थेचं, 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर सांगणारं. चांगलं आहे, सगळ्या मजुरांच्या मोबाईलमध्ये घालून दिलं. पण मृगात आभाळ गडगडायला लागलं की आपल्याकडे आधी टॉवरच झोपतो, म्हणून बायांना अजूनही सांगतो की गडगडलं की झाडाखाली थांबू नका, घर गाठा.

आणि एक फजिती. मोबाईल स्टार्टर बसवला विहिरीवर. त्यात सिम असतं. मिसकॉल दिला की मोटर सुरू, पुन्हा दिला की बंद. रात्री काठी-बॅटरी घेऊन सापा-विंचवातून जाणं वाचलं. बाबांनी तो नंबर माझ्या नावाच्या शेजारी सेव्ह केला. एका रात्री लग्नाहून येताना त्यांनी मला कॉल केला असं त्यांना वाटलं, आणि तिकडे मोटर सुरू! "उचलत नाही बे पोट्टा," म्हणून वैतागून झोपले. सकाळी हरभऱ्याच्या खालच्या बांधात पाय रुतत होते. तेवढा तुकडा पिवळा पडला. चूक कोणाची यावर घरात अजून एकमत नाही. आता त्या नंबरला 'मोटर हात लावू नये' असं नाव दिलंय.

संक्रांतीला येतोस ना? येताना ओटीजीच्या पाच-सहा पिना आण, टाईप-सीच्या. इकडे तालुक्याला मिळतात त्या दोन आठवड्यांत ढिल्या होतात. आणि वहिनींचा तो तडकलेला जुना मोबाईल फेकू नकोस, मला पाहिजे.

तुझाच,
दिल्या