चिंगीच्या उंचीबद्दल

हिमेजी, जपान

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, उंची कमी म्हणून चिंगीला व्हॉलीबॉलच्या संघात घेतलं नाही आणि तुम्हालाही ते पटलंय. बाबा, मला नाही पटलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या हिमेजीत महिलांचा व्हिक्टोरिना संघ आहे. २०१६ साली तो उभा राहिला तेव्हा त्याची पहिली प्रशिक्षक होती योशिए ताकेशिता. जपानची माजी कर्णधार, सेटर, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू उचलून देणारी. उंची १५९ सेंटीमीटर, म्हणजे सव्वापाच फूटसुद्धा नाही!

तिनेही हेच ऐकलंय. १९६४ ला महिला व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा सुवर्ण जपानचं होतं. १९८० चा बहिष्कार सोडला तर जपान कधी चुकला नव्हता. २००० च्या सिडनीला मात्र पात्रताच हुकली आणि खापर फुटलं बुटक्या सेटरवर. २००२ मध्ये तिने एनईसी संघ सोडला, खेळणंच थांबवलं. पुढे जेटी संघाने तिला बोलावून घेतलं.

पुढच्या रांगेत आली की समोरच्या मुली तिच्या डोक्यावरून मारणार, असं तुम्ही म्हणाल. मारायच्याच. पण ती चेंडू नेटच्या टोकाला इतका सपाट आणि झटकन द्यायची की समोरचा ब्लॉक पोचेपर्यंत स्मॅश झालेला असे. मागच्या रांगेत तर जमिनीला टेकणारे चेंडू उचलायची. २००६ च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच ठरली. सहाव्या संघाची सेटर, बाबा!

मग २०१२, लंडन. उपांत्यपूर्व फेरीत चीनविरुद्ध पाच सेट, प्रत्येक सेट दोनच गुणांनी सुटलेला, शेवटचा १८-१६. ब्राझीलकडून हरले, पण कोरियाला ३-० हरवून कांस्य मिळवलं, २८ वर्षांनी. डाव्या हाताचं बोट मोडलेलं असताना ती खेळत होती, हे स्पर्धा संपल्यावर कळलं. सेटरचं बोट! हे वाचून मला रडू आलं.

चिंगीची बोटं मऊ आहेत, चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तिला स्मॅशर करू नका, सेटर करा. दादाला शिकवलंत तसं रोज संध्याकाळी घ्या तिला. चीनच्या सामन्याचा व्हिडिओ दादाच्या फोनवर पाठवतेय. दोघं मिळून बघा, आणि ताकेशिताचे हात नंतर, आधी पाय बघा.

आईला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
माई