तुमच्या ‘मोफत सेटअप’बद्दल तक्रार: चौथी आणि लेखी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अकूस्टिक गिटारची अ‍ॅक्शन (म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि तुमच्या सर्व्हिस सेंटरने केलेला उपद्व्याप

फोनवर चौथ्यांदा तेच सांगून झालं, म्हणून आता लिहून देतो. गिटार तुम्हीच बनवता, तेव्हा मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट आणि खाली ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल, हे तुम्हाला समजावत बसत नाही.

फेब्रुवारीत गिटार घरी आली त्याच दिवशी मोजलं. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड सहावी तार 4.2 मिमी वर. ती 2.5 च्या आसपास हवी. पहिल्या फ्रेटवरही तारा एवढ्या उंच की एफ कॉर्ड धरला की सूर चढतो, कारण नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नाहीत. तुमच्या जाहिरातीत ‘90 दिवसांत मोफत सेटअप’ होता, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवून देणं, म्हणून स्वतःच्या खर्चाने गिटार पुण्याला पाठवली. 23 दिवसांनी परत आली. अ‍ॅक्शन किती? 4.0.

तुमच्या माणसाने नटला हात लावला नाही, सॅडलला लावला नाही. फक्त मानेच्या आतला ट्रस रॉड आवळला. ट्रस रॉड मानेचा बाक ठरवतो, अ‍ॅक्शन उतरवायचं ते हत्यार नव्हे, हे चार महिने शिकणाऱ्या मला कळतं. मानेला तारांच्या ओढीने जो 0.2-0.25 मिमीचा बाक राहायला हवा तो गेला, उलट मान मागे झुकली. आता पहिल्या चार फ्रेटवर तारा खरखरतात आणि वर बाराव्यावर बोटं मोडतात. म्हणजे दोन्हीकडून वाजले बारा.

आणि सॅडल? ब्रिजच्या वर चांगलं 5 मिमी उभं आहे. बाराव्यावर दीड मिमी उतरवायचं तर सॅडलच्या बुडातून 3 मिमी घासायचं. अर्ध्या तासाचं काम.

आता सोमवारचा फोन. 38 मिनिटं होल्ड. (होल्डवर वाजणारी गिटार मात्र सुरात होती, अभिनंदन.) मग तुमचे प्रतिनिधी आले.

‘‘सर, आपण बिगिनर का?’’
‘‘हो.’’
‘‘मग बोटं दुखणारच सर. घट्टे पडले की सवय होईल.’’

मी 31 वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. माझ्या हाताला घट्टे पडायचे बाकी आहेत, हे मला नव्यानेच कळलं. तरी शांतपणे आकडे सांगितले.

‘‘मोजलं कशाने सर?’’
‘‘स्टीलची पट्टी आणि फट मोजायचं फिलर गेज.’’
‘‘ते मोटरसायकलच्या टॅपेटचं ना सर? गिटारला ते चालत नाही.’’

साहेब, पाव मिलिमीटर टॅपेटमध्येही पाव मिलिमीटरच असतो. गिटारसाठी वेगळा मिलिमीटर निघाला असेल तर मला कळवा, मी जुना परत करतो.

मी म्हटलं, ट्रस रॉडचा नट (तारांचा नव्हे, पान्याने आवळायचा) साउंडहोलमधून दिसतो, टॉर्च लावून पाहिला, तो जास्त आवळलाय. लगेच, ‘‘म्हणजे सर तुम्ही आत हात घातलात? टॅम्परिंगची नोंद करावी लागेल.’’ मी टॉर्च घातली होती, हात नव्हे! त्यावर शेवटचं वाक्य: ‘‘कोकणात हवा दमट सर, तिकडे गिटार घेणं हा ग्राहकाचा निर्णय.’’

रत्नागिरीचा पिनकोड टाकून पैसे भरताना ही हवा कोरडी होती काय? दमट हवेने गिटारची सॉलिड स्प्रूस लाकडाची वरची पाटी फुगते, अ‍ॅक्शन वाढते, मान्य. म्हणूनच गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो. पण 4.2 हे माप फेब्रुवारीतलं आहे, पावसाळ्यातलं नाही. पुन्हा सांगतो, फेब्रुवारीतलं.

वाईट याचं वाटतं की 2009 साली मुलासाठी घेतलेली गिटार तुमचीच होती. ती तो बंगळूरला घेऊन गेला. त्याला मोजायला लावलं: 2.4. एकदाही सेटअप न करता. तेव्हा तुमच्याकडे कोणीतरी पट्टी वापरत असावं.

मागणी एवढीच: ट्रस रॉड सैल करून बाक परत आणा, नटच्या खाचा कापा, सॅडल उतरवा, टॅम्परिंगची नोंद काढा आणि येण्याजाण्याचा कुरिअर तुमच्या खर्चाने. नाहीतर पूर्ण पैसे परत. 15 दिवसांत झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही आणि निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो.

एक त्रासलेला ग्राहक,
रत्नागिरी

ता. क. परत आलेल्या गिटारच्या ब्रिजमधल्या सहा पिनांपैकी एक काळी आहे. माझ्या सहाही पांढऱ्या होत्या.