धामापूर म्हणजे केवळ 'बोटिंग पॉइंट' नव्हे

रविवारच्या पुरवणीतील धामापूर तलावावरील लेख वाचला. छायाचित्रे सुरेखच, पण मालवण तालुक्यातल्या या गावाची ओळख नौकाविहारापुरती उरली, याचे वाईट वाटले. दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून हा तलाव 1530 मध्ये बांधला गेला आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तो पाटाच्या पाण्यासाठी, नौकांसाठी नव्हे. भगवती मंदिराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. लग्नकार्याला फुलांची परडी पाण्यात सोडली की तलाव दागिने देई, आणि कार्य उरकताच ते परत करायचे, असे जुनी माणसे सांगतात. एकाने ते ठेवून घेतले नि देणे थांबले! पुढील लेखात हे जरूर यावे.

– एक वाचक, मालवण